नवऱ्याच्या नावावरचा मुक्काम

लग्न करून ब्रिटनला आलेल्या परदेशी स्त्रीला तिथे राहण्याचा हक्क नवऱ्यामुळे मिळतो. नवरा ब्रिटिश नागरिक किंवा तिथला कायमचा रहिवासी असतो. तो प्रायोजक म्हणून उभा राहतो, तिच्या राहण्याखाण्याची हमी देतो आणि त्या जोरावर तिला ठरावीक मुदतीचा व्हिसा मिळतो. मुदतीच्या अखेरीस संसार टिकलेला असेल तर तिला कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळते. संसार त्याआधीच मोडला तर व्हिसाचा आधारच उरत नाही. घरात मारहाण होत असेल तर या नियमाचा अर्थ एकच होतो: बाईने घर सोडले की तिला देशही सोडावा लागेल. १९८५ पासून १९९९ पर्यंत ब्रिटनमध्ये कायदा असाच होता आणि त्यातून सुटायची कोणतीही अधिकृत वाट नव्हती. ती वाट पुढे उघडली, पण एका झटक्यात नाही. एका अडचणीवर उपाय निघाला की दुसरी उघडी पडे, आणि प्रत्येक वेळी आधी बायकांच्या संघटनांनी आवाज उठवला, सरकार मागून आले.

या नियमाचे मूळ जुने आहे. बायकोचे स्थान नवऱ्याच्या स्थानावरून ठरते, हे तत्त्व इंग्लिश कायद्यात खोल मुरलेले होते. १८७० च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या ब्रिटिश स्त्रीचे नागरिकत्व आपोआप जात असे. पहिल्या महायुद्धात जर्मन माणसांशी लग्न केलेल्या इंग्लंडात जन्मलेल्या बायकांना स्वतःच्याच गावच्या पोलीस ठाण्यात शत्रूराष्ट्राच्या नागरिक म्हणून नोंद करावी लागली. हा नियम पूर्णपणे जायला १९४८ चा राष्ट्रीयत्व कायदा यावा लागला आणि १ जानेवारी १९४९ पासून ब्रिटिश स्त्रीचे नागरिकत्व तिचे स्वतःचे झाले. बाहेरून येणाऱ्या बाईच्या वास्तव्याबाबत मात्र तेच तत्त्व पुढे चालू राहिले. ती अमक्याची बायको म्हणून येते आणि अमक्याची बायको म्हणूनच राहते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पंजाब, गुजरात, मीरपूर आणि सिल्हेटहून पुरुष ब्रिटनच्या ओतकाम कारखान्यांत आणि कापड गिरण्यांत कामाला गेले. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील कामगारांचे मोकळे येणे थांबवले, तरी तिथे आधीच राहणाऱ्या पुरुषांच्या बायकामुलांना येण्याचा हक्क त्यात राखला होता. बायको नवऱ्यामागे येणार, हे सरकारला स्वाभाविक वाटत होते. संशय होता तो उलट दिशेने येणाऱ्या पुरुषांवर. ब्रिटनमधल्या मुलीशी लग्न करून भारत-पाकिस्तानातला तरुण आला तर तो नोकरीसाठी आला, असे धरले जाई. १९६९ साली अशा राष्ट्रकुलातील नवऱ्यांवर बंधन घातले गेले, १९७४ मध्ये गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांनी ते उठवले, आणि १९७७ मध्ये मेर्लिन रीस यांनी नवऱ्यांसाठी एक वर्षाची परिवीक्षा आणली. लग्न खरे आहे की व्हिसापुरते, हे त्या वर्षात दिसून येईल, अशी त्यामागची कल्पना होती. घरगुती हिंसेचा विचार कोणाच्याही डोक्यात नव्हता, कारण बायकांना हा नियम लागूच नव्हता.

याचा अर्थ बायकांवर विश्वास होता असा नाही. जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर वाग्दत्त वराकडे निघालेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी केली गेली. 'गार्डियन' वृत्तपत्राने १ फेब्रुवारीला ती बातमी छापली तेव्हा मोठा गहजब झाला आणि ही प्रथा बंद करण्यात आली. पुढे खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांतून दिसले की भारतातील ब्रिटिश कार्यालयांतही अशा किमान ८० तपासण्या झाल्या होत्या. नववधू कुमारी असलीच पाहिजे, हा समज अधिकाऱ्यांनी पुराव्याच्या जागी वापरला होता. स्थलांतराच्या कायद्यात बाईचे शरीर आणि तिचा संसार हा तपासणीचा विषय कसा होतो, याचे याहून उघडे उदाहरण सापडणार नाही.

१९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने नियम आणखी आवळले. परदेशी नवऱ्याला आणायचे तर लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा नव्हता, हे जोडप्याने सिद्ध करायचे. नकाराची सिद्धता, तीही मनातल्या हेतूची, आणि ज्याच्याकडे कागद कमी त्याच्यावरच तिचे ओझे. या नियमांविरुद्ध ब्रिटनमध्ये कायम राहणाऱ्या तीन स्त्रिया स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. आपल्या नवऱ्यांना आणता येत नाही, पुरुषांना मात्र बायका आणता येतात, ही त्यांची तक्रार होती. अब्दुलअझीझ, कॅबालेस आणि बल्कंदाली या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की हा लिंगभेद आहे.

सरकारने भेदभाव दूर केला, पण ज्या रीतीने केला ती या इतिहासातली सर्वांत दुःखद गोष्ट आहे. नवऱ्यांवरची बंधने काढण्याऐवजी तीच बंधने बायकांवरही लादली गेली. एक वर्षाची परिवीक्षा आता परदेशातून आलेल्या प्रत्येक वधूला लागू झाली. कागदावर समानता आली, घरात मात्र ती नव्हती. नव्या देशात आलेली, भाषा न येणारी, सासू-सासरे-दीर-नणंदांच्या घरात राहणारी, पासपोर्ट कपाटात कुलूपबंद असलेली वधू आणि तिथे जन्मलेला किंवा रुळलेला नवरा यांना एकच नियम लावल्याने दोघे बरोबरीचे होत नाहीत. बायकांच्या हक्कासाठी जिंकलेला खटला अशा प्रकारे हजारो मैलांवरून येणाऱ्या दुसऱ्या बायकांच्या गळ्याशी आला. त्यात त्या तीन फिर्यादी स्त्रियांचा काहीच दोष नव्हता. निकालाची अंमलबजावणी सरकारने निवडली होती.

याच्या जोडीला आणखी एक अट होती, आणि तीच पुढे सर्वांत चिवट ठरली. परिवीक्षेच्या काळात स्थलांतरित जोडीदाराला सरकारी मदत मिळत नसे. घरभाड्याचा भत्ता नाही, बेकारी भत्ता नाही, नगरपालिकेचे घर नाही. ब्रिटनमध्ये मार खाणाऱ्या बायकांसाठी आधारगृहे १९७१ पासून सुरू झाली होती. लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी काढलेले घर त्यांतले पहिले मानले जाते, आणि १९७६ च्या कायद्याने कोर्टातून मनाई हुकूम मिळण्याची सोयही झाली होती. पण आधारगृहांचा खर्च मुख्यतः तिथे राहणाऱ्या बायकांच्या घरभाडे भत्त्यातून निघतो. ज्या बाईला तो भत्ता मिळत नाही तिला ठेवून घ्यायचे तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न प्रत्येक आधारगृहापुढे येई आणि बरेचदा दार बंद होई. पोलीस मदत करायला तयार असले तरी बाईला न्यायचे कुठे, याचे उत्तर त्यांच्याकडे नसे.

या प्रश्नाला वाचा फोडली पश्चिम लंडनमधील साउथॉल या पंजाबी वस्तीतल्या एका छोट्या संघटनेने. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना नोव्हेंबर १९७९ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वंशद्वेषी नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध साउथॉलमध्ये मोठे निदर्शन झाले होते आणि ब्लेअर पीच हा शिक्षक तिथे मारला गेला होता. त्या लढ्यातून आलेल्या आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन तरुणींनी ही संघटना काढली. वंशद्वेषाविरुद्ध लढायचे आणि आपल्या समाजातल्या अत्याचारावरही बोलायचे, अशी त्यांची भूमिका होती. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड गेली. समाजाची बदनामी होते, गोऱ्यांच्या हाती कोलीत मिळते, असे म्हणणारे पुढारी साउथॉलमध्ये कमी नव्हते. मराठी वाचकाला हे म्हणणे अनोळखी वाटणार नाही. घरातले घरात ठेवावे, हा सल्ला प्रत्येक समाजात बाईलाच दिला जातो.

संघटनेचे नाव देशभर झाले ते किरणजीत अहलुवालिया यांच्या खटल्यामुळे. १९७९ मध्ये लग्न करून ब्रिटनला आलेल्या किरणजीत यांनी दहा वर्षे अमानुष छळ सोसला. १९८९ मध्ये त्यांनी नवऱ्याला पेटवून दिले, त्यात तो मेला आणि त्यांना जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्सने प्रकरण लावून धरले. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने खुनाचा निकाल रद्द केला आणि त्या सुटल्या. हा खटला व्हिसाचा नव्हता, पण आशियाई घरांच्या बंद दारांआड काय चालते ते ब्रिटिश वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले आणि संघटनेचे म्हणणे मंत्र्यांपर्यंत पोचू लागले. प्रज्ञा पटेल आणि हनाना सिद्दीकी या तिच्या कार्यकर्त्या 'एक वर्षाच्या नियमा'विरुद्ध १९९० च्या दशकभर झगडत होत्या. सल्ला मागायला येणाऱ्या बायकांची कहाणी जवळजवळ एकसारखी असे: नवरा मारतो, पोलिसांत गेलीस तर गृहखात्याला कळवून परत पाठवीन म्हणतो, आणि कायद्याने त्याचे बोलणे खरे ठरते. माहेरी परतणे हा पर्याय कागदावर सोपा दिसतो. हुंडा, कर्ज, धाकट्या बहिणींची लग्ने आणि गावातली बोलणी पाहता अनेकींना तो पर्यायच नव्हता.

१९९७ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले आणि लगेच त्या जूनमध्ये 'मुख्य हेतू'चा नियम रद्द झाला. एक वर्षाचा नियम मात्र राहिला. १६ जून १९९९ रोजी स्थलांतर खात्याचे मंत्री माइक ओब्रायन यांनी सवलत जाहीर केली. परिवीक्षेच्या काळात घरगुती हिंसेमुळे लग्न मोडले असेल तर त्या जोडीदाराला कायमच्या वास्तव्याची परवानगी देता येईल, असे तिचे स्वरूप होते. सवलत स्त्रीपुरुष दोघांनाही होती. व्हिसावर आलेल्या बाईचा मुक्काम नवऱ्याच्या मर्जीपासून वेगळा करता येतो, हे ब्रिटिश सरकारने पहिल्यांदा मान्य केले, म्हणून ही तारीख महत्त्वाची. पण पुरावा म्हणून तीनच गोष्टी चालत: न्यायालयाचा संरक्षण आदेश, नवऱ्याला झालेली शिक्षा किंवा पोलिसांनी त्याला दिलेली औपचारिक ताकीद. बाहेर एकटी जाऊ न दिलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या बाईकडे यांतले काही असण्याची शक्यता फार थोडी होती. डॉक्टरने पाहिलेले वळ, आधारगृहाच्या कार्यकर्तीने ऐकलेली हकिगत, समाजसेवा खात्याचा अहवाल यांना किंमत नव्हती.

नोव्हेंबर २००२ मध्ये ही यादी वाढली आणि डिसेंबरमध्ये सवलतीला स्थलांतर नियमांत कायमची जागा मिळाली. तिचा परिच्छेद क्रमांक २८९अ कायद्याची मदत देणाऱ्या केंद्रांत पुढची अनेक वर्षे लोकांच्या तोंडी होता. आता वैद्यकीय अहवाल, पोलिसांची नोंद, आधारगृहाचे पत्र हेही ग्राह्य झाले. २००७ मध्ये अपील न्यायालयाने त्याहीपुढे जाऊन सांगितले की ठरावीक कागदांची यादी हाती नसली म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही, समोर आलेला सगळा पुरावा तोलून पाहिला पाहिजे. हिंसा म्हणजे काय, हेही बदलत गेले. २०१३ मध्ये सरकारच्या अधिकृत व्याख्येत धाक, पाळत, पैशाची कोंडी अशी सततची दडपणूक आली, आणि घराण्याच्या अब्रूच्या नावाखालचा अत्याचार व सक्तीचा विवाहही तिच्या कक्षेत आहेत, असे स्पष्ट करण्यात आले. २०१५ च्या कायद्याने जोडीदारावर सतत दडपण ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा झाला.

पण एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणेही चालू होते. एप्रिल २००३ मध्ये परिवीक्षा एका वर्षावरून दोन वर्षांवर गेली, आणि जुलै २०१२ मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांच्या काळात पाच वर्षांवर. त्याच वेळी प्रायोजकाच्या उत्पन्नाची किमान मर्यादा वर्षाला १८,६०० पौंड ठरली, आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर नेली गेली. नियम कडक करण्याचे समर्थन खोट्या लग्नांना आळा घालणे हेच होते. परिवीक्षा जितकी लांब तितका काळ नवऱ्याच्या हाती धमकी राहते, ही साधी गोष्ट त्या हिशेबात कुठेच धरलेली दिसत नाही.

शिवाय अर्ज करण्याचा हक्क असला तरी अर्जाचा निकाल लागेपर्यंत खायचे काय आणि राहायचे कुठे, हा प्रश्न तसाच होता. २००८ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि साउथॉल ब्लॅक सिस्टर्सने मिळून या कोंडीवर अहवाल काढला. सरकारी मदत नाकारलेल्या बायका आधारगृहांच्या दारातून परत मारणाऱ्याच्या घरी जातात, हे त्यांनी दाखवून दिले. नोव्हेंबर २००९ मध्ये गृहखात्याच्या पैशाने 'सोजर्नर' नावाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. अर्ज तयार करायला आणि त्यावर निर्णय व्हायला लागणाऱ्या ठरावीक दिवसांपुरता बाईच्या निवाऱ्याचा आणि जेवणाखाण्याचा खर्च त्यातून मिळे. मागणी इतकी आली की प्रकल्पाला मुदतवाढ द्यावी लागली. १ एप्रिल २०१२ पासून त्याची जागा कायमच्या सवलतीने घेतली. जिला स्वतःचा आधार नाही अशा बाईने गृहखात्याला कळवले की तिला तीन महिन्यांची वेगळी परवानगी मिळते, त्या काळात सरकारी मदत घेता येते आणि तेवढ्यात कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायचा असतो. तीन महिने ही मुदत फार तोकडी आहे. घर सोडल्यावर पहिले काही आठवडे मुलांची शाळा, औषधपाणी आणि जिवाची भीती यांतच जातात. तरीही या सवलतीने आधारगृहांची दारे उघडली. १९९९ च्या सवलतीने दिलेला हक्क खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागला तो २०१२ पासून.

सक्तीच्या विवाहाचा इतिहास याला समांतर चालतो आणि अधूनमधून त्यात मिसळतो. मुंबईच्या रखमाबाईंनी अकराव्या वर्षी लावलेले लग्न नाकारले तेव्हा, १८८७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला होता. नवऱ्याने वैवाहिक हक्काची मागणी ज्या कायद्याने केली तो इंग्लंडातून आलेला होता. १८८८ मध्ये तडजोडीने सुटल्यावर रखमाबाई वैद्यक शिकायला लंडनलाच गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. संमतीशिवायच्या लग्नाचा प्रश्न ब्रिटिश न्यायालयांना नवा नव्हता. पण स्वतःच्या देशातल्या आशियाई मुलींच्या बाबतीत तो त्यांनी ओळखायला वेळ लावला. जिवाला, शरीराला किंवा स्वातंत्र्याला प्रत्यक्ष धोका असेल तरच सक्ती झाली असे न्यायालये धरत. १९८३ मध्ये 'हिरानी' खटल्यात अपील न्यायालयाने हा निकष बदलला. आईवडिलांनी घराबाहेर काढण्याची धमकी देऊन एकोणीस वर्षांच्या हिंदू मुलीचे लग्न न पाहिलेल्या माणसाशी लावले होते. मुलीची इच्छा दडपणाखाली मोडली का, एवढेच पाहायचे, असे ठरले आणि लग्न रद्द झाले.

सरकारी पातळीवर हालचाल सुरू झाली १९९९ मध्ये, त्याच ओब्रायन यांच्या पुढाकाराने. गृहखात्याच्या कार्यगटाचा अहवाल जून २००० मध्ये आला. मुलगी आणि आईबाप यांच्यात मध्यस्थी करण्याचा पर्याय त्यात ठेवल्यामुळे साउथॉल ब्लॅक सिस्टर्सच्या हनाना सिद्दीकी यांनी गटाचा राजीनामा दिला होता. त्यांचा मुद्दा अनुभवातून आलेला होता. पळून आलेल्या मुलीला समजुतीसाठी घरी पाठवले की ती कधीकधी परत दिसत नाही. परराष्ट्र खाते आणि गृहखाते यांचा संयुक्त सक्ती-विवाह कक्ष जानेवारी २००५ मध्ये उभा राहिला. सुट्टीसाठी म्हणून पाकिस्तान, बांगलादेश किंवा भारतात नेऊन लग्न लावलेल्या ब्रिटिश मुलींना परत आणणे हे त्याचे एक मुख्य काम. लॉर्ड लेस्टर यांच्या खासगी विधेयकातून आलेला २००७ चा कायदा २५ नोव्हेंबर २००८ पासून अमलात आला. न्यायालय आता लग्न लागण्याआधीच ते रोखणारा आदेश देऊ शकते, पासपोर्ट जप्त करायला सांगू शकते. २०१४ पासून सक्तीचा विवाह लावणे हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंड व वेल्समध्ये अठरा वर्षांखाली लग्नच करता येत नाही.

या प्रश्नावर सरकारला सुचलेला आणखी एक उपाय मात्र व्हिसाचा होता, आणि तो फसला. जोडीदाराला आणण्यासाठीचे किमान वय २००३ मध्ये सोळावरून अठरा आणि २७ नोव्हेंबर २००८ पासून एकवीस करण्यात आले. मुलगी मोठी झाली की तिला नाही म्हणण्याचे बळ येईल, असा तर्क होता. प्रत्यक्षात ज्यांच्या लग्नात सक्तीचा लवलेश नव्हता अशी तरुण जोडपी वर्षानुवर्षे ताटातूट सोसत राहिली. १२ ऑक्टोबर २०११ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 'क्विला' खटल्यात चार विरुद्ध एक मताने हा नियम कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग करणारा ठरवला. या नियमाने सक्तीचे विवाह कमी होतात, हे सरकारला दाखवता आले नव्हते. पीडितेला संरक्षण देण्याच्या नावाने सीमेवरचे दार आवळायचे, ही सवय या साऱ्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. परदेशातून सोडवून आणलेल्या मुलींकडून विमानभाडे आणि राहण्याचा खर्च कर्ज म्हणून वसूल केला जात असे, हेही जानेवारी २०१९ मध्ये उघड झाले. टीका झाल्यावर परराष्ट्रमंत्री जेरेमी हंट यांनी ती पद्धत बंद केली.

सर्वांत उशिरा दखल घेतली गेली ती टाकून दिलेल्या बायकांची. नवरा सुट्टीला म्हणून बायकोला भारतात किंवा पाकिस्तानात आणतो, तिचा पासपोर्ट घेऊन एकटाच परततो आणि तिचा व्हिसा रद्द करायला लावतो. कधी मूल तिकडे, आई इकडे. महाराष्ट्राला परित्यक्तांचा प्रश्न नवा नाही. संगमनेरला १९८८ साली त्यांची परिषद भरली आणि टाकलेल्या बायकांनी आपले प्रश्न स्वतः मांडले. पण जिचा नवरा दुसऱ्या देशात आहे तिला पोटगीची नोटीस बजावणेही अवघड जाते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच अनिवासी भारतीयांच्या बायकांच्या संरक्षणासाठी कायदा करण्याची सूचना केली होती. राष्ट्रीय महिला आयोगात २००९ मध्ये अशा तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष झाला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये अनिवासींच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. ब्रिटनच्या कौटुंबिक न्यायालयांच्या सूचनांत देशाबाहेर नेऊन टाकणे ही घरगुती हिंसा आहे, असे २०१७ मध्ये नमूद झाले. स्थलांतराचे नियम मात्र अर्जदार ब्रिटनमध्येच असावी, असे म्हणत होते, आणि तिला तर ब्रिटनबाहेर राहायला भाग पाडलेले असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला. जानेवारी २०२४ च्या अखेरीस घरगुती अत्याचार पीडितांसाठीचे नियम एका स्वतंत्र परिशिष्टात नव्याने मांडले गेले आणि परदेशात टाकलेल्या जोडीदाराला तिथूनच अर्ज करून परत येण्याची वाट मिळाली.

इतके होऊनही एक मोठा वर्ग बाहेर राहिला. कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळतो तो मुख्यतः ब्रिटिश नागरिकांच्या आणि कायमच्या रहिवाशांच्या जोडीदारांना. निर्वासितांच्या आणि सैनिकांच्या जोडीदारांनाही पुढे वेगवेगळ्या टप्प्यांवर त्यात घेतले गेले. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या बायकोला तो नाही. पुण्या-मुंबईहून संगणक कंपनीच्या कामावर किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या नवऱ्यामागे जाणाऱ्या मराठी मुली याच गटात मोडतात. स्वतः शिकलेल्या, इथली चांगली नोकरी सोडून गेलेल्या, आणि तिथे कागदोपत्री आश्रित ठरलेल्या. १६ फेब्रुवारी २०२४ पासून तीन महिन्यांची सवलत या बायकांनाही मिळू लागली. त्या तीन महिन्यांत आधारगृहात जाता येते आणि सरकारी मदत घेता येते. पण त्यापुढे राहण्याचा स्वतंत्र हक्क नाही. दुसरा व्हिसा मिळवायचा किंवा देश सोडायचा.

युरोपीय परिषदेच्या इस्तंबूल कराराने हा प्रश्न तत्त्व म्हणून मांडला आहे. ११ मे २०११ रोजी सह्यांसाठी खुला झालेला हा करार १ ऑगस्ट २०१४ पासून लागू झाला. त्याचे एकोणसाठावे कलम सांगते की जिचे वास्तव्य जोडीदारावर अवलंबून आहे अशा पीडितेला, विशेष कठीण परिस्थितीत लग्न किंवा नाते मोडल्यास, स्वतःच्या नावाने परवाना मिळाला पाहिजे. सक्तीच्या लग्नासाठी परदेशी नेल्यामुळे जिचा निवासाचा हक्क गेला तिला तो परत मिळाला पाहिजे, असेही त्यात आहे. ब्रिटनने २०१२ मध्ये सही केली, पण मान्यता दिली ती २१ जुलै २०२२ रोजी, दहा वर्षांनी. करार १ नोव्हेंबर २०२२ पासून तिथे लागू झाला, आणि मान्यता देताना नेमके एकोणसाठावे कलम राखून ठेवले गेले. जर्मनीनेही याच कलमातील काही तरतुदी राखून ठेवल्या होत्या. तिने ते आक्षेप फेब्रुवारी २०२३ पासून मागे घेतले.

त्याआधी, २०२१ चा घरगुती अत्याचार कायदा संसदेत असताना, सर्व स्थलांतरित पीडितांना सारखेच संरक्षण देणारी दुरुस्ती लॉर्ड्स सभागृहाने मंजूर केली होती. सरकारने ती कॉमन्स सभागृहात नाकारली आणि तिच्याऐवजी मर्यादित निधीचा प्रायोगिक प्रकल्प दिला, जो चालवण्याचे काम साउथॉल ब्लॅक सिस्टर्सकडेच आले. पोलिसांचा प्रश्नही सुटलेला नाही. पीडितेची माहिती पोलीस गृहखात्याच्या स्थलांतर विभागाला देतात, ही तक्रार लिबर्टी ही नागरी हक्कांची संघटना आणि साउथॉल ब्लॅक सिस्टर्स यांनी डिसेंबर २०१८ मध्ये अधिकृतपणे दाखल केली. दोन वर्षांनी पोलिसांवर देखरेख करणाऱ्या संस्थांनी तपासाअंती सांगितले की या पद्धतीने पीडितांचे नुकसान होते आणि केवळ व्हिसाचा संशय असलेल्या पीडितेची माहिती देणे थांबवावे. सरकारने माहितीची देवाणघेवाण पूर्ण बंद करण्याऐवजी तिच्यासाठी कार्यपद्धती ठरवण्याचा मार्ग घेतला. म्हणून आजही ब्रिटनमधील आधारगृहाची कार्यकर्ती फोनवरच्या बाईला आधी तिच्या जखमांबद्दल विचारते आणि मग तिचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे ते. पुढची मदत कोणती मिळेल, ते या दुसऱ्या उत्तरावर ठरते.